संमती म्हणजे अंगठ्याचा ठसा नव्हे!

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या पानांत एका लढाईमुळे आले. १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला आणि विजयाच्या कैफात गावाचे नाव 'फत्तेखेर्डा' असे ठेवले. सरकारी दप्तरात ते नाव चालले. लोकांच्या ओठांवर मात्र साखरखेर्डा साखरखेर्डाच राहिला. तीनशे वर्षांपूर्वीच्या या घटनेतील धडा साधा आहे. हुकूम कागदावर उतरतो, स्वीकार मात्र मनात व्हावा लागतो. गावाला न विचारता केलेली गोष्ट गाव वरवर मान्य करते आणि आतून नाकारते. दुर्दैव असे की, आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या व्यवस्थेला हा धडा अद्याप पुरता उमगलेला नाही.

प्रश्न आहे तो किशोरवयीन मुलींना द्यावयाच्या एका लसीचा. गर्भाशयाच्या मुखाला होणारा कर्करोग टाळणारी ही लस. ज्या विषाणूमुळे तो रोग होतो, त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपाने एचपीव्ही. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि म्हणून लस त्या संबंधांच्या पुष्कळ आधी, म्हणजे ९ ते १४ या वयात द्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हंगामी अंदाजपत्रक मांडताना या वयोगटातील मुलींच्या लसीकरणास शासन प्रोत्साहन देईल, अशी घोषणा केली. बुलढाण्याचेच खासदार असलेले आणि २०२४ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झालेले प्रतापराव जाधव यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर येथे ९ ते १६ वर्षांच्या मुलींसाठीच्या लसीविषयी जाहीर आश्वासन दिले. म्हणजे हा विषय दिल्ली-मुंबईच्या चर्चासत्रांतून निघून साखरखेर्डा, मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या घराघरांत पोहोचलेला आहे.

आणि घरात पोहोचताच आई-बापांच्या मनात प्रश्नांचे मोहोळ उठते. दहा वर्षांच्या पोरीला लैंगिक संबंधातून होणाऱ्या रोगाची लस कशासाठी? हिला पुढे मूल होण्यात काही अडचण तर येणार नाही ना? उद्या सोयरीक जमवताना कोणी या लसीवरून बोट तर ठेवणार नाही? लस कोणाची, कोणत्या देशाची? आणि काही कमी-जास्त झाले, तर धावून कोण येणार? शहरी विद्वानांचा एक वर्ग असे प्रश्न ऐकताच नाक मुरडतो. 'खेड्यातले अज्ञान', 'मागास मानसिकता' ही त्याची ठरलेली बिरुदे. परंतु ज्या बापाने कपाशीचे बियाणे घेताना दुकानदाराला चार प्रश्न विचारले, त्याने पोटच्या पोरीच्या दंडात सुई टोचताना एकही प्रश्न विचारू नये, ही अपेक्षा कोणत्या विज्ञानात बसते?

खम्ममची सही

पालकांची शंका आकाशातून पडलेली नाही. तिला इतिहास आहे आणि तो इतिहास लिहिणारे हात सुशिक्षितांचे होते. २००९ साली 'पाथ' या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा या जिल्ह्यांत या लसीचा एक प्रकल्प हाती घेतला. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानचा होता. लसी मर्क आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या दोन बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पुरविल्या होत्या. १० ते १४ वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना त्या टोचण्यात आल्या. यांतील अनेक मुली वनवासी समाजातील, शासकीय आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या होत्या. २०१० च्या आरंभी सात मुलींच्या मृत्यूच्या वार्ता बाहेर आल्या, महिला संघटनांनी आवाज उठवला आणि त्या एप्रिलमध्ये शासनाला प्रकल्प थांबवावा लागला.

पुढे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने या प्रकरणाची झाडाझडती घेतली. ऑगस्ट २०१३ मध्ये सादर झालेल्या तिच्या ७२ व्या अहवालात जे आकडे आले, ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर सही होती ती वसतिगृहाच्या अधीक्षकाची वा मुख्याध्यापकाची. आई-बाप पाड्यावर राबत होते, मुलगी वसतिगृहात शिकत होती आणि तिच्या शरीराविषयीचा निर्णय एक सरकारी नोकर शाईच्या एका फटकाऱ्याने घेत होता. ज्यांनी अंगठे उमटविले त्यांना कोणी, कोणत्या भाषेत, काय समजावून सांगितले होते? पालकत्व बदलीच्या हुकमाने मिळत नसते. अधीक्षक मुलीच्या जेवणाची हजेरी मांडू शकतो. तिच्या जन्मदात्यांची जागा घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

संसदीय समितीने या व्यवहारावर ओढलेले ताशेरे कठोर होते. लशीची उपयुक्तता हा वेगळा प्रश्न आहे आणि ती देण्याची रीत हा वेगळा. रीत चुकली होती. ज्यांचे पालक मुंबई-पुण्यात डॉक्टर-वकील आहेत, अशा मुलींच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या घाऊक सहीवर लस टोचण्याची हिंमत कोणी केली असती काय? गरिबाची संमती गृहीत धरण्याची ही जी खोड आहे, ती साहेबाच्या राज्यातून आली आणि स्वराज्यातही मुरली.

मृत्यूंविषयीचे सत्य

परंतु अर्धे सत्य सांगून थांबणे हा पालकांवर दुसरा अन्याय ठरेल. ते सात मृत्यू कशामुळे झाले? चौकशीतून जे निष्पन्न झाले ते असे : एक मुलगी खाणीच्या पाण्यात बुडून मेली, एक सर्पदंशाने, दोघींनी कीटकनाशक पिऊन जीवन संपवले आणि एक हिवतापाने दगावली. उरलेल्या दोन मृत्यूंपैकी एक अनिदानित तापाचा आणि एक मेंदूतील रक्तस्रावाच्या संशयाचा होता. या दोहोंचाही लसीशी संबंध असण्याची शक्यता फारच कमी असल्याचे मत चौकशी समितीने दिले. म्हणजे 'लसीने सात मुली मारल्या' हे जे वाक्य आजही कानोकानी फिरते, त्याला पुराव्याचा आधार नाही.

मग अधिकाऱ्यांची बाजू निर्दोष ठरते काय? मुळीच नाही. सर्पदंशाने आणि विषाने कोवळ्या मुली मरतात आणि त्या मृत्यूंची वेळीच नीट नोंद होत नाही, पालकांना कोणी भेटत नाही, कारण सांगत नाही. म्हणूनच तर अफवेला पंख फुटतात. लोक अफवेवर विश्वास ठेवतात, कारण अफवा निदान त्यांच्या दारापर्यंत येते. सत्य मात्र कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असते. बुलढाणा जिल्ह्याने हे नुकतेच अनुभवले आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी पाण्याला दोष दिला गेला. पुढे स्वस्त धान्य दुकानातील गव्हातल्या सेलेनियमकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखविले. दिल्लीहून पथके आली, नमुने घेऊन गेली आणि टक्कल पडलेली माणसे स्पष्ट उत्तराची वाट पाहत राहिली. हा अनुभव गाठीशी असलेला बाप लसीच्या गाडीकडे संशयाने पाहील, तर त्याला वेडा कोण म्हणेल?

रोग मात्र खरा आहे

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. लस देणाऱ्यांच्या चुकांमुळे रोग खोटा ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात १,२७,५२६ स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि ७९,९०६ स्त्रिया त्याने दगावल्या. दिवसाला दोनशेहून अधिक घरांतली चूल या एका रोगाने विझते. हा रोग म्हातारपणी येणारा नव्हे. मुलांची लग्नकार्ये व्हायची असतात, शेत सांभाळायचे असते, अशा चाळिशी-पन्नाशीत तो स्त्रीला गाठतो. अंगावरून जाणे, पांढरे पाणी, पाठदुखी ही लक्षणे ती वर्षानुवर्षे अंगावर काढते, कारण हे कोणाजवळ बोलायचे, हाच तिच्यापुढचा पहिला प्रश्न असतो. बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

या रोगाचा विषाणूशी असलेला संबंध जर्मन वैज्ञानिक हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांस कारणीभूत ठरतात. लसीत जिवंत वा मृत विषाणू नसतो. असते ते त्याच्या बाह्य कवचासारखे प्रथिनाचे रिकामे टरफल. ते पाहून शरीर शत्रूची ओळख पटवून घेते आणि खरा शत्रू आला की त्याला दारातच अडवते. ज्या टरफलात विषाणूचे जनुकच नाही, ते रोग कसा देणार आणि वंध्यत्व तरी कसे आणणार? २०१७ पर्यंत जगभर दिल्या गेलेल्या २७ कोटींहून अधिक मात्रांचा आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा समितीने घेतला. वंध्यत्वाची भीती खरी ठरविणारे काहीही त्यात आढळले नाही. दंड दुखणे, थोडा ताप, टोचताना भोवळ येणे हे होते. क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणूनच लस दिल्यावर मुलीला पंधरा मिनिटे बसवून ठेवावयाचे असते. हे सारे पालकांना आधी सांगितले, तर त्यांचा धीर सुटत नाही, उलट वाढतो.

लसीने खरोखर कर्करोग टळतो काय, हा प्रश्न आता अंदाजाचा उरलेला नाही. स्वीडनमध्ये सुमारे सोळा लाख सत्तर हजार मुली व तरुणींच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्यांत या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस दिलेल्या मुलींत ही घट ८७ टक्के आढळली.

आणि परदेशाचे दाखले कशाला? महाराष्ट्राच्या मातीनेच या विषयात जगाला ज्ञान दिले आहे. बार्शीतील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासूनची, देशातील पहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासातून २००९ साली सिद्ध झाले की, या विषाणूची आयुष्यात एकदा तपासणी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. तसेच २००९ मध्ये सुरू झालेल्या एका बहुकेंद्री लस-अभ्यासात बार्शी, पुणे आणि मुंबई ही केंद्रे होती. खम्मम प्रकरणानंतर एप्रिल २०१० च्या आदेशाने तोही अर्ध्यावर थांबला आणि हजारो मुलींना ठरल्यापेक्षा कमी, एकच मात्रा मिळाली. वैज्ञानिकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर दिसले ते असे की, एका मात्रेनेही १६ आणि १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले होते. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील प्रमुख अभ्यासांत हा एक होता. जगाच्या लेकींना मिळालेले हे ज्ञान सोलापूरच्या लेकींच्या दंडावरून आले. ही गोष्ट मराठवाडा-विदर्भातल्या किती आयांना ठाऊक आहे? कोणी सांगितली?

चारित्र्याचा प्रश्न कोणाचा?

आता त्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, जो उघड बोलला जात नाही आणि सर्वांत खोल रुजलेला आहे. 'आपल्या मुली संस्कारी आहेत. असल्या रोगाची लस आपल्या घरात हवीच कशाला?' संस्कृतीचा कैवार घेऊन बोलणाऱ्यांच्या तोंडी हा युक्तिवाद वारंवार येतो. तो भावनेने खरा वाटतो आणि तर्काने कोसळतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेलेल्या भारतीय स्त्रियांचे चरित्र कोणी पाहिले आहे? त्यांतील बहुसंख्य स्त्रिया एका नवऱ्याशी आयुष्य काढलेल्या, व्रतवैकल्ये केलेल्या, सकाळी तुळशीला पाणी घालणाऱ्या संसारी बायका आहेत. विषाणू कुंकवाचा मान राखत नाही. स्त्रीने जन्मभर एकनिष्ठ राहावे आणि विवाहापूर्वी वा बाहेर पाय घसरलेल्या नवऱ्याने तो घरी आणावा. बरे, आणणाऱ्याला त्याची जाणीवही नसावी, कारण पुरुषाला बहुधा कोणतेच लक्षण दिसत नाही. मग शिक्षा कोणाला झाली? आपण मुलीच्या संस्कारांची ग्वाही छातीठोकपणे देऊ शकतो. जो जावई अजून ठरलेलाही नाही, त्याच्या पूर्वायुष्याची ग्वाही कोणता बाप देऊ शकेल? तेव्हा ही लस म्हणजे मुलीच्या चारित्र्यावरचा अविश्वास नव्हे. ते पित्याने लेकीला दिलेले कवच आहे, तिच्या पाठवणीच्या खूप आधी दिलेले.

आणखी एक भीती अशी की, लस घेतली म्हणजे मुली बेफिकीर होतील. जिला कशाची लस ते पुरते कळतही नाही, अशी दहा-अकरा वर्षांची मुलगी दंडातल्या सुईमुळे मर्यादा ओलांडील, हे म्हणणे म्हणजे आपणच दिलेल्या संस्कारांवर अविश्वास दाखविणे होय. घराचे वळण इतके कच्चे असते काय, की एका सुईने ते पुसून जावे? अमेरिकेत २०१२ साली १,३९८ मुलींच्या वैद्यकीय नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हाही लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींच्या वर्तनात असा काही फरक आढळला नाही. शीलाचे रक्षण आई-बापांचा सहवास करतो, घरातील संवाद करतो. कर्करोगाच्या भयाने आजवर कोणी शीलवान झालेले नाही.

स्त्रीच्या शरीराविषयीचे मौन आपल्याला किती महाग पडते, हे बीडने दाखवून दिले आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती शासनाने विधिमंडळात दिली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' ही धमकी कित्येकींना मिळाली होती. ज्या समाजात आई लेकीशी आणि सासू सुनेशी या विषयावर बोलत नाही, तेथे भीतीचा व्यापार करणाऱ्याचे फावते. कधी तो व्यापारी शस्त्रक्रिया विकतो, तर कधी लस घेऊ नका म्हणून अफवा विकतो.

जपानची किंमत

नकाराचीही किंमत असते आणि ती कोणीतरी चुकवतेच. जपानने २०१३ च्या एप्रिलमध्ये ही लस नियमित कार्यक्रमात घेतली. काही मुलींना दुखण्याच्या तक्रारी उद्भवल्याच्या बातम्या झळकल्या आणि अवघ्या दोन महिन्यांत शासनाने लसीची शिफारस करणे थांबविले. सुमारे ७० टक्क्यांवर असलेले लसीकरण एक टक्क्याच्याही खाली घसरले. पुढील तपासात त्या तक्रारींचा लसीशी संबंध जुळला नाही. पण गेलेला विश्वास परत यायला नऊ वर्षे लागली. एप्रिल २०२२ मध्ये शिफारस पुन्हा सुरू झाली. १९९४ ते २००७ या काळात जन्मलेल्या जपानी मुलींपैकी पाच हजारांहून अधिक जणी या खंडामुळे पुढे मृत्युमुखी पडतील, असा संशोधकांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जपान हा काही अडाण्यांचा देश नव्हे. विश्वास तुटला की सुशिक्षितही माघार घेतात आणि त्या माघारीचे बिल लेकींच्या नावावर फाटते.

स्वदेशीची कसोटी

जानेवारी २०१८ मध्ये स्वदेशी जागरण मंचाने पंतप्रधानांना पत्र लिहून या लसीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील समावेशाला विरोध केला होता. त्या विरोधामागे विदेशी कंपन्यांच्या हितसंबंधांविषयीची जी शंका होती, ती खम्ममनंतर निराधार म्हणता येत नव्हती. राष्ट्राच्या तिजोरीतून कोट्यवधी मुलींसाठी लस घ्यावयाची आणि तिची किंमत परदेशी कंपनीच्या मर्जीवर सोडावयाची, हे परावलंबनच होते.

परंतु काळ थांबलेला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्वाव्हॅक' या लसीला जुलै २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी, राष्ट्रीय बालिका दिनी, तिचे लोकार्पण झाले. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्धची ही लस महाराष्ट्रात बनते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी आता पवित्रा बदलला पाहिजे. 'लस नको' ही घोषणा सोडून 'आपली लस, परवडणाऱ्या दरात, प्रत्येक लेकीला' ही मागणी लावून धरली पाहिजे. स्वदेशी म्हणजे नुसता नकार नव्हे. स्वतःच्या बळावर उभे राहिल्यावर त्या बळाचा लाभ शेवटच्या घरापर्यंत नेणे, हा स्वदेशीचा खरा अर्थ आहे.

काय व्हायला हवे?

मग वाद उरतो तो कोणाशी? वाद आहे तो घाईशी. उद्दिष्टाच्या तक्त्याशी. 'अमुक तारखेपर्यंत अमुक टक्के' असा आदेश वरून निघतो आणि खाली येता येता त्याचे रूपांतर मुख्याध्यापकाच्या डोक्यावरील तलवारीत होते. मग पुन्हा दप्तरातून चिठ्ठी घरी जाते, पुन्हा कोणी न वाचता सही करते आणि खम्ममची पुनरावृत्ती लहान प्रमाणात प्रत्येक गावात घडते. गोवर-रुबेला लसीच्या मोहिमेत पालकांची संमती न घेता शाळांतून लस देण्याचा दिल्ली शासनाचा निर्णय जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमान्य केला, हे आरोग्य खात्याने विसरू नये.

साखरखेर्ड्यासारख्या गावात ही लस द्यावयाची, तर आधी पालकांची सभा झाली पाहिजे. आयांची सभा वेगळी, कारण बापांच्या देखत त्या तोंड उघडणार नाहीत. बोलणारी व्यक्ती स्त्री डॉक्टर किंवा गावाच्या ओळखीची आरोग्यसेविका असावी. माहितीचा कागद सोप्या मराठीत असावा. लस कोणती, कोणत्या कंपनीची, कोणता त्रास संभवतो, कोणत्या मुलीला ती देऊ नये, हे त्यात असावे. त्रास झाल्यास रात्री-अपरात्री कोणाला फोन करावयाचा, तो क्रमांक ठळक अक्षरांत असावा. सहीसाठी निदान आठ दिवसांचा अवधी द्यावा. नाही म्हणणाऱ्या पालकाला शाळेने वा कोणत्याही कार्यालयाने जाब विचारू नये. ज्या मुली वसतिगृहात आहेत, त्यांच्या आई-बापांपर्यंत माणूस पाठवावा. अधीक्षकाची सही कोणत्याही सबबीखाली चालवून घेऊ नये. आणि लसीनंतर एखाद्या मुलीला काहीही झाले, मग ते लसीमुळे असो वा नसो, त्याची चौकशी होऊन निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावा. एवढे केले, तर अफवेला गावात थारा मिळणार नाही. वर्गातल्या साऱ्या मुलींना एकत्र लस मिळाली, की सोयरिकीत बोट ठेवायलाही कोणाला जागा उरणार नाही.

याच्या जोडीला आयांची तपासणी हवी. लस लेकीला वाचवील. आज चाळिशीत असलेल्या तिच्या आईला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत तिशी ते पन्नाशीतील केवळ १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी या कर्करोगाची तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले. ज्या दिवशी मुलीला लस, त्याच दिवशी तिच्या आईची तपासणी, असा नियम का करू नये? धाराशिवच्या खेड्यांत जे सिद्ध झाले, ते बुलढाण्याच्या खेड्यांत राबवायला आणखी किती वर्षे लागणार? लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावयाचीच असते, हेही आज सांगून ठेवले पाहिजे.

आणि पालकांचे कर्तव्य? प्रश्न विचारणे हा त्यांचा हक्क आहे. उत्तर ऐकून घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. कागद हाती आला की तो वाचावा, वाचता येत नसेल तर लेकीकडूनच वाचून घ्यावा. कदाचित त्या निमित्ताने आई-लेकीत असे बोलणे प्रथमच होईल. शंका असेल तेथे डॉक्टरला गाठावे, चारदा विचारावे. पण उत्तर समाधानकारक मिळाल्यावरही 'लोक काय म्हणतील' या धाकाने पाय मागे घेऊ नये. लोक सोयरीक मोडतील या भीतीने ज्या लेकीला लस नाकारली, ती पंचेचाळिसाव्या वर्षी अकोल्याच्या वा नागपूरच्या रुग्णालयात खाटेवर पडेल, तेव्हा त्या लोकांपैकी एकही जण तिच्या उशाशी बसायला येणार नाही.

साखरखेर्ड्यापासून जवळच सिंदखेडराजा आहे. जिजाऊंच्या या जन्मभूमीत दर १२ जानेवारीला माणसांचा महासागर लोटतो. मातृशक्तीचा जयजयकार होतो. त्या जयजयकाराची परीक्षा एका साध्या कागदावर होणार आहे. शासनाने त्या कागदावरील सहीला हुकमाची पोच समजू नये, कारण ती एका आईचा निर्णय आहे. आईनेही ती सही भीतीने अडवू नये, कारण तिच्यावर लेकीचे आयुष्य अवलंबून आहे. पुरते समजून, डोळे उघडे ठेवून जेव्हा आई-बाप होकार देतील, तेव्हा खम्ममच्या त्या हजारो अंगठ्यांचे ऋण काही अंशी फिटेल.